पेट्रोलच्या दराचा धनी

नाशिक शहरातून त्र्यंबकेश्वराच्या वाटेला लागले म्हणजे दोन-अडीच कोसांवर सातपूर लागते. एके काळचे हे शेतकऱ्यांचे गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, त्यानंतर येथे कारखान्यांची वसाहत उभी राहिली. आणि १९८२ मध्ये नाशिकची महानगरपालिका अस्तित्वात आली तेव्हा सातपूर तिच्यात सामावले गेले. या वसाहतीत मोटारी तयार होतात, मोटारींचे टायर तयार होतात, आणि डिझेल एंजिनाच्या पोटात तेलाचा बारीक फवारा सोडणारे नोझलही तयार होते. सातपूरची चूल बऱ्याच अंशी तेलावर चालणाऱ्या चाकांवर पेटलेली आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. यामुळे पेट्रोल-डिझेलचा भाव चढला की त्याची चर्चा येथे इतर गावांपेक्षा चार शब्द अधिकच होते.

या चर्चेत दोषी ठरवण्यासाठी माणसांची वाण कधी पडत नाही. कोणी पंपवाल्याला बोल लावतो, कोणी तेलकंपन्यांना. कोणी दिल्लीकडे बोट दाखवतो, कोणी मुंबईकडे. आणि यांपैकी कोणाशीच वाकडे घेण्याची इच्छा नसलेला गृहस्थ अरबस्तानच्या शेखांवर सारा भार टाकून मोकळा होतो. या प्रत्येक उत्तरात सत्याचा थोडाबहुत अंश आहे, आणि त्यामुळेच मूळ प्रश्न अनुत्तरित राहतो. पेट्रोलच्या दराचा धनी कोण, याचा शोध घ्यावयाचा तर मागे जावे लागते. आणि मागे गेल्यावर असे दिसते की या कहाणीतील कित्येक महत्त्वाचे प्रसंग महाराष्ट्राच्याच भूमीवर, किंवा मराठी माणसांच्याच हातून, घडलेले आहेत.

हिंदुस्थानात पेट्रोलवर स्वतंत्र कर बसला तो १९१७ साली, पहिले महायुद्ध ऐन भरात असताना. युद्ध संपले, कर राहिला. तात्पुरता म्हणून आलेला कर पुढे घरचाच होऊन बसतो, या नियमाचा हा आपल्याकडील एक जुना दाखला होय. पुढे दहा वर्षांनी एक निराळाच प्रश्न उभा राहिला. मोटारी वाढल्या होत्या आणि रस्ते जुन्या बैलगाड्यांच्याच योग्यतेचे होते. त्यांचा विचार करण्यासाठी १९२७ साली एक समिती नेमण्यात आली आणि बॅ. मुकुंदराव जयकर तिचे अध्यक्ष झाले. समितीचा अहवाल १९२८ मध्ये आला. तिने सुचवले की जो मोटार चालवतो तोच रस्ता झिजवतो, तेव्हा रस्त्याचा खर्च त्याने द्यावा. आणि तो वसूल करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर. त्याप्रमाणे १९२९ साली पेट्रोलवरील कर चार आण्यांचा सहा आणे झाला, आणि जादा दोन आणे मध्यवर्ती रस्ते निधीत जाऊ लागले.

जयकरांची ही योजना मोठी समंजस होती, असे आम्हांस वाटते. कर कशासाठी हे उघड सांगितलेले होते. तो देणारा आणि त्याचा लाभ घेणारा एकच होता. आणि निधीतील बहुतेक रक्कम ज्या प्रांतात जितके पेट्रोल खपे त्या प्रमाणात त्या त्या प्रांतास परत मिळावयाची होती. दोन आणे गॅलन म्हणजे आजच्या मापाने लिटरमागे पावणेतीन पैसे. रुपयाचे मोल तेव्हापासून पुष्कळच उतरले आहे हे ध्यानात धरूनही हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

जयकरांच्या समितीने मध्यवर्ती सरकारास पेट्रोलचा मार्ग दाखवला. प्रांतांनाही तो दिसण्यास फार वेळ लागला नाही. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना मालाच्या विक्रीवर कर बसवण्याचा अधिकार दिला होता. त्याचा आधार घेऊन मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळाने १९३८ साली पेट्रोल व वंगणाच्या किरकोळ विक्रीवर शेकडा पाच असा कर बसवला. मध्यवर्ती सरकारने हरकत घेतली. देशात निघणाऱ्या मालावरील उत्पादनकर आमचा आहे. विक्रीकर हे नाव देऊन प्रांत आमच्याच ताटात हात घालत आहे, असे त्याचे म्हणणे. वाद नव्यानेच स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे गेला, आणि त्या न्यायालयाच्या इतिहासातील तो पहिलाच निवाडा ठरला. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्यासमवेत जे दोन न्यायाधीश बसले होते त्यांतील एक सुलेमान, आणि दुसरे कोण, तर जयकर! ज्या गृहस्थांनी दहा वर्षांपूर्वी पेट्रोलवर मध्यवर्ती सरकारसाठी जादा कर सुचवला, त्यांच्याच समोर आता त्याच पेट्रोलवर प्रांताचा हक्क किती, हा प्रश्न आला. १९३८ च्या डिसेंबरात न्यायालयाने प्रांताच्या बाजूने मत दिले. माल उत्पन्न झाला या कारणाने बसणारा कर वेगळा आणि तो विकला गेला या कारणाने बसणारा कर वेगळा. पहिला मध्यवर्ती सरकारचा, दुसरा प्रांताचा.

न्यायाच्या दृष्टीने निवाडा निर्दोष होता. परंतु त्या दिवसापासून पेट्रोलच्या प्रत्येक मापात दोन हात कायदेशीरपणे शिरले, आणि प्रत्येक हाताला दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय झाली. आज दिल्ली आणि मुंबई यांच्यामध्ये जो वाद आपण ऐकतो त्याची जन्मपत्रिका नागपुरास मांडली गेली आहे.

करांचा हा झगडा चालू असता मूळ तेलाचा भाव कोण ठरवीत होते? सरकार खास नव्हे. बर्मा ऑइल आणि शेल यांचा हिंदुस्थानातील व्यापार १९२८ साली एकत्र होऊन बर्मा-शेल कंपनी झाली. तिच्या समोर अमेरिकन स्टँडर्ड ऑइलवाले उभे होते. १९२७-२८ मध्ये या दोन पक्षांत येथल्या रॉकेलच्या बाजारावरून मोठी झुंज जुंपली. स्टँडर्डवाल्यांनी रशियाचे रॉकेल आणून विकण्यास आरंभ केला, शेलने त्यास उत्तर म्हणून भाव पाडले, आणि काही काळ गरिबाच्या दिव्याला स्वस्त तेल मिळाले. गंमत अशी की भाव उतरल्यावर ब्रह्मदेशात तेल काढणाऱ्या कंपन्या सरकारकडे संरक्षण मागावयास गेल्या! टॅरिफ बोर्डाने चौकशी करून ती मागणी फेटाळली. पुढे कंपन्यांचे आपसांत जुळले आणि स्वस्ताई संपली. सरकारने हात न घातलेल्या बाजारात भाव आपोआप ठरतो ही समजूत तेलाच्या बाबतीत कितपत खरी आहे, ते या एका प्रकरणावरून दिसते.

त्याहून नवलाची होती ती भाव काढण्याची रीत. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तेलाच्या जागतिक व्यापारात असा दंडक होता की माल कोठूनही येवो, त्याचा भाव अमेरिकेतील मेक्सिको-आखाताच्या बंदरातला भाव अधिक तेथपासूनचे जहाजभाडे, असा धरावा. मुंबईस येणारे तेल शेजारच्या इराणातून, आबादानहून, अरबी समुद्र ओलांडून येई. किंमत मात्र ते अर्ध्या जगाला वळसा घालून आल्यासारखी. न झालेल्या प्रवासाचे भाडे मागणारा टांगेवाला नाशकात कोणी सहन केला नसता.

युद्धात पेट्रोलची नियंत्रित वाटणी सुरू झाली, ती १९४१ साली. परवान्यावर मोजके पेट्रोल मिळे, आणि कित्येक मोटारगाड्या पाठीशी कोळशाची भट्टी बांधून तिच्या वायूवर धावू लागल्या. हे नियंत्रण मापाचे होते. दराचे नियंत्रण खऱ्या अर्थाने स्वातंत्र्यानंतर आले, आणि तेही आरंभी कंपन्यांच्याच हिशेबाने. परदेशी तेल आपल्या बंदरात उतरवण्यास जो खर्च येईल तो पाया धरून भाव ठरे. १९५१ च्या करारांनंतर मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे शुद्धीकरणाचे दोन मोठे कारखाने निघाले, परंतु तेथे तयार होणाऱ्या पेट्रोलचा भावही आयातीच्याच गजाने मोजला जाई. खनिज तेल कोठून आणावे हेही करारान्वये कंपन्यांच्याच मर्जीवर होते. १९६० मध्ये रशियाने स्वस्त दराने खनिज तेल देऊ केले तेव्हा ते शुद्ध करून देण्यास कंपन्यांनी नकार दिला. मग सरकारने आपल्या नव्या इंडियन ऑइल कंपनीमार्फत तयार मालच मागवला. १७ ऑगस्ट १९६० रोजी ‘उझगोरोद’ नावाचे रशियन जहाज ११ हजार टनांहून अधिक डिझेल घेऊन मुंबईच्या पीर पाव धक्क्यास लागले. त्या एका जहाजाने भाव पडले असे नव्हे. पण कंपन्या सूट देण्याच्या गोष्टी बोलू लागल्या. पाठोपाठ १९६१ मध्ये दामले समितीने कंपन्यांच्या हिशेबाची वजाबाकी सुरू केली, आणि पुढील समित्यांनी तीच वाट धरली.

१९७३ च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव चौपट झाला. १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा-शेल सरकारने ताब्यात घेतल्या. आजच्या हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या त्यांच्याच वारस. याच सुमारास सरकारी दरपद्धती आली. तिची रचना समजून घेण्याजोगी आहे. प्रत्येक कारखान्यास त्याचा खर्च अधिक भांडवलावर शेकडा १२ नफा मिळावा अशी व्यवस्था होती. विक्रीचा भाव मात्र खर्चावरून ठरत नसे, तो ग्राहकाची ऐपत पाहून सरकार ठरवी. पेट्रोल श्रीमंताचे, म्हणून महाग. रॉकेल गरिबाचे, स्वयंपाकाचा गॅस गृहिणीचा, म्हणून ते स्वस्त. डिझेल शेतीचे व मालवाहतुकीचे, म्हणून पेट्रोलपेक्षा पुष्कळ कमी दराचे. पेट्रोलवरचा वाढावा एका सामायिक खात्यात जमा होई व त्यातून इतरांची तूट भरून निघे. नियंत्रणाने तेल स्वस्त झाले हा लोकांचा समज होता. वास्तविक महागाईचा बोजा कोणी उचलावा, एवढेच त्याने ठरवले.

या ठरावाचे परिणाम नाशिक जिल्ह्यात दोन ठिकाणी उघड्या डोळ्यांनी पाहता येतात. एक खुद्द सातपूर. डिझेल स्वस्त राहणार या भरवशावर ट्रकांचा, ट्रॅक्टरांचा आणि पुढे जीपजातीच्या गाड्यांचा धंदा वाढला. सातपुरास फवाऱ्याची नोझले बनवणारा मायको कंपनीचा कारखाना होता. १९८१ पासून महिंद्र कंपनीचा मोटारींचा कारखानाही तेथे चालू झाला. २००२ मध्ये त्याच कारखान्यातून ‘स्कॉर्पिओ’ बाहेर पडली. ती शेतकऱ्याची निकड भागवणारी गाडी नव्हती, ऐपतवान गृहस्थाची हौस होती, आणि ती डिझेलवर धावे. शेतीच्या नावाने स्वस्त ठेवलेल्या तेलावर बंगलेवाल्यांच्या गाड्या चालू लागल्या. त्यात सातपूरच्या कामगाराचा दोष काहीच नाही. त्याला रोजगार मिळाला. २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचा दर मोकळा झाला आणि डिझेलचा बांधलेलाच राहिला, तेव्हा ही विसंगती पराकोटीस गेली. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे होते. पुढच्याच वर्षी सरकारने घाऊक गिऱ्हाइकांना डिझेलचा पूर्ण भाव लावला. तेव्हा आपली एस.टी. आगारातला पंप सोडून रस्त्यावरच्या पंपावर किरकोळ भावाने तेल भरू लागली. कारण गरिबांना वाहून नेणाऱ्या गाडीला महाग आणि हौसेच्या मोटारीला स्वस्त, असा तो न्याय होता.

दुसरे ठिकाण मनमाडजवळचे पानेवाडी. नाशिक, खानदेश आणि मराठवाड्याचा बराच भाग ज्या साठ्यांवर अवलंबून, ते तेलकंपन्यांचे साठे येथे आहेत. मुंबईहून नळाने आलेले तेल येथून टँकरांत भरून दूरदूर जाते. परभणीचे पेट्रोल राज्यात सर्वांत महाग म्हणून गाजले त्याचे एक कारण हेच, की ते मनमाडहून इतका पल्ला गाडीने तोडून जाते. जानेवारी २०११ मध्ये दिल्लीच्या भावाने शिधावाटपाचे रॉकेल लिटरला १२ रुपये ३२ पैसे, डिझेल सुमारे ३८ आणि पेट्रोल ५८ रुपयांवर होते. रॉकेल डिझेलात बेमालूम मिसळते. गरिबाच्या दिव्यासाठी निळा रंग घालून दिलेले तेल टँकरात ओतले की लिटरमागे पंचवीस रुपये सुटतात, हे कळण्यास फार विद्वत्ता लागत नाही. या फरकाच्या आडोशाने एक चोरटा धंदा वाढला. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे २५ जानेवारी २०११ रोजी त्या भागातून जात असता टँकरातून तेल काढण्याचा प्रकार त्यांच्या दृष्टीस पडला. ते तो पकडावयास गेले, आणि भरदिवसा त्यांना जिवंत जाळण्यात आले. राज्यातील सरकारी नोकरांनी काम बंद ठेवून शोक आणि संताप प्रकट केला. याच्या पाच वर्षे आधी, नोव्हेंबर २००५ मध्ये, इंडियन ऑइलचा तरुण अधिकारी षण्मुगम मंजुनाथ याचा उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी येथे अशाच भेसळीपायी खून झाला होता. खुनाचा अपराध खुन्यांचाच. पण ज्या दरपत्रकाने एकाच जातीच्या तेलांत तिपटीचा फरक निर्माण केला आणि त्याच्या राखणीला एकटादुकटा अधिकारी उभा केला, त्या दरपत्रकावर सही कोणाची होती, हे विचारण्यावाचून आमच्याने राहवत नाही. रॉकेलचा भाव हळूहळू वाढवून त्यावरील अर्थसाह्य बंद होण्यास २०२० साल उजाडले.

सामायिक खात्यातही अखेर हजारो कोटींचा खड्डा पडला, आणि एप्रिल २००२ पासून ही पद्धत कागदोपत्री संपली. प्रत्यक्षात सरकार दर दाबून ठेवी, कंपन्यांची तूट होई, आणि २००५ नंतरच्या काही वर्षांत ती भरून काढण्यासाठी सव्वा लाख कोटींहून अधिक रकमेचे रोखे देण्यात आले. म्हणजे बापाने भरलेल्या टाकीचे पैसे मुलाने द्यावयाचे. पेट्रोल २०१० मध्ये आणि डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये मोकळे झाले. १६ जून २०१७ पासून दर रोज बदलू लागले.

मोकळे झाले म्हणजे काय झाले? २०१४ पासून खनिज तेल उतरत गेले, तेव्हा केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात उत्पादनकर नऊ वेळा वाढवला. २०२० च्या एप्रिलात अमेरिकेच्या बाजारात एक दिवस तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला. मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे १० रुपये कर चढवला. त्या ६ मे रोजी दिल्लीतील ७१ रुपये २६ पैशांचा हिशेब असा होता: वाहतुकीसह तेलाची किंमत १८ रुपये २८ पैसे, केंद्राचा कर ३२ रुपये ९८ पैसे, पंपवाल्याचे कमिशन ३ रुपये ५६ पैसे, दिल्ली राज्याचा कर १६ रुपये ४४ पैसे. ज्याच्या नावाने आपण सर्वांत आधी बोटे मोडतो त्या पंपवाल्याच्या वाट्यास किती आले, हे वाचकांनी पाहावे.

आणि आता जयकरांच्या दोन आण्यांची गाठ. फेब्रुवारी २०२१ मध्ये पेट्रोलवरील केंद्राच्या ३२ रुपये ९० पैशांपैकी १८ रुपये रस्ते व पायाभूत सोयींचा उपकर होता, ११ रुपये विशेष जादा कर, अडीच रुपये शेतीचा उपकर. आणि ज्यात राज्यांना वाटा मिळतो तो मूळ कर अवघा १ रुपया ४० पैसे. जयकरांचा कर प्रांतांना परत जावयाचा होता. हे उपकर वाटणीच्या रकमेत धरलेच जात नाहीत. राज्यांनी कुरकुर करावी यात नवल ते काय?

पण राज्यही काही उपाशी नव्हते. महाराष्ट्र सरकारने १ ऑक्टोबर २०१५ पासून दुष्काळनिवारणासाठी लिटरमागे दोन रुपये अधिभार बसवला. पुढे पाऊस पडला, धरणे भरली. अधिभार मात्र ओसरला नाही. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाने हमरस्त्यांवरील दारूची दुकाने बंद झाली आणि तिजोरीस खोट आली, तेव्हा पेट्रोलवर आणखी तीन रुपये पडले. दारू न पिणाऱ्या सातपूरच्या कामगाराने आपल्या दुचाकीत तेल भरताना दारूबंदीची भरपाई करावी, ही कल्पना ज्या कोणाला सुचली त्याच्या चातुर्याचे कौतुकच केले पाहिजे. शिवाय राज्याचा मुख्य कर शेकडेवारीचा असल्यामुळे भाव चढला की वसुली आपोआप चढते, आणि वाढीचा अपयशाचा वाटा मात्र दिल्लीकडे जातो. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की नोव्हेंबर २०२१ व मे २०२२ मध्ये केंद्राने आणि जुलै २०२२ मध्ये राज्याने कर उतरवले.

मोकळ्या बाजारातला रोज बदलणारा दर निवडणुका आल्या की कसा थिजतो, हे तर सर्वांनी अनुभवले आहे. मे २०१८ मध्ये कर्नाटकाच्या मतदानापूर्वी तो १९ दिवस हलला नाही. पाच राज्यांच्या निवडणुकांच्या वेळी, ४ नोव्हेंबर २०२१ ते २२ मार्च २०२२, एकूण १३७ दिवस स्तब्ध राहिला. २०२३-२४ मध्ये तेल उतरूनही दर उतरला नाही, आणि तीन सरकारी कंपन्यांचा त्या वर्षीचा नफा सुमारे ८१ हजार कोटींवर गेला. लोकसभेची निवडणूक तोंडावर असता, १५ मार्च २०२४ रोजी, दोन रुपये कमी झाले. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने कर दोन रुपये वाढवला, तेव्हा पंपावरचा दर जागचा हलला नाही. ती वाढ कंपन्यांनी सोसली. दराचे नियंत्रण उठले हे खरे धरले, तर या सर्व घटना दैवयोगाच्या मानाव्या लागतील. आमचे मत असे की नियंत्रण कधी उठलेच नाही. पूर्वी ते राजपत्रात छापले जाई आणि मंत्र्याला लोकसभेत त्याचा जबाब द्यावा लागे. आता ते छापले जात नाही, एवढाच भेद. तेव्हा दराचा धनी सरकारच, पण दोन घरचा. आणि वसुलीच्या वेळी दोन्ही घरी सापडणारा हा धनी जबाब विचारावयास गेले की एकाही घरी भेटत नाही.

दोन्ही घरे एका छपराखाली आणण्याचा मार्ग नाही असे नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा पेट्रोल व डिझेल त्यातून बाहेर ठेवले गेले, परंतु परिषदेने शिफारस केलेल्या तारखेपासून तो लागू करण्याची तरतूद घटनेतच आहे. केरळ उच्च न्यायालयाने या प्रश्नाचा विचार करण्यास सुचवल्यावरून तो विषय १७ सप्टेंबर २०२१ रोजी लखनौ येथे परिषदेपुढे आला. देशातील राज्यांचे व केंद्राचे अर्थखाते तेथे एकत्र होते. भिन्न पक्षांची, आणि बाहेर पेट्रोलवरून एकमेकांवर दोषारोप करणारी. पेट्रोलजन्य पदार्थ या करात आणण्याची ही वेळ नव्हे, असे परिषदेस वाटले, आणि तसे उच्च न्यायालयास कळवावे असे ठरले.